पाटी, पहारेकरी आणि आजोबा

मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी, अकराच्या सुमारास, आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या संग्रहालयाच्या तिकिटखिडकीपाशी थोडा वेळ उभे राहिले, की रांगेतल्या जोड्या चटकन लक्षात येतात. आईवडील कामावर, शाळेला सुट्टी, आणि घरात नातवंडाने उच्छाद मांडलेला. तेव्हा आजी किंवा आजोबा पाण्याची बाटली, लाडवाचा डबा आणि छत्री पिशवीत भरून, पोराचे मनगट धरून येथे येऊन पोहोचतात. शाळांच्या सहली पावसाळा सरल्यावर येतात. त्या रांगेने येतात आणि रांगेनेच जातात. उन्हाळ्यात मात्र दालनांतून हिंडताना दिसतात ते बहुतांशी हे दोघेच.

मराठीत संग्रहालयांविषयी जे लिहिले जाते त्यात इमारतीची शैली, संग्रहाचे मोल, दात्यांची नावे आणि स्वच्छतागृहाची अवस्था यांचा परामर्श असतो. या दोघांचा नसतो. म्हणून आम्ही गेली काही वर्षे एकच कसोटी हाती घेऊन संग्रहालये पाहत आलो आहोत. सत्तरीचे आजोबा आणि नऊ वर्षांची नात एखाद्या वस्तूपुढे उभी राहिली, तर त्यांच्यात बोलणे सुरू होते का? आणि झाल्यास पाटी वाचून संपल्यावरही ते चालू राहते का? कसोटी साधी आहे, पण बहुतेक दालने तिच्यात उतरत नाहीत.

एका शहरातल्या संग्रहालयात (नाव सांगण्याचे कारण नाही, असे दालन अनेक ठिकाणी आहे) हत्तीची कवटी मांडलेली आहे. पाटीवर चार ओळी: हत्तीची कवटी, एलिफस मॅक्सिमस, अमुक संस्थानच्या अधिपतींकडून सप्रेम भेट, नोंद क्रमांक. आमच्या पुढे असलेल्या आजोबांनी ती पाटी खणखणीत आवाजात, विरामचिन्हांसकट वाचून दाखवली. नात पाटीकडे पाहतच नव्हती. ती कवटीच्या मधोमध असलेल्या मोठ्या भोकाकडे पाहत होती.

"आजोबा, ह्याला एकच डोळा होता?"

आजोबांनी चष्मा सरळ केला, पाटी पुन्हा एकदा मनात वाचली आणि म्हणाले, "तसं काही लिहिलेलं नाहीये, बाळा."

हे उत्तर आमच्या मनातून अजून गेलेले नाही. उत्तर देणारा गृहस्थ अडाणी नव्हता, आळशीही नव्हता. पण संग्रहालयाने त्याला असे समजावले होते, की येथे जे जाणण्यासारखे आहे ते पाटीवर आहे आणि पाटीबाहेरचा प्रश्न हा अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आहे. आपण शिक्षक ही भाषा चांगलीच ओळखतो.

पुढचे घडले ते असे. कोपऱ्यात स्टुलावर बसलेला पहारेकरी उठला, जवळ आला आणि म्हणाला, "डोळा नाही तो. नाक आहे. तिथूनच सोंड निघते. डोळे बाजूला बघा." मग त्या तिघांनी मिळून डोळ्यांच्या खोबणी शोधल्या. त्या कवटीच्या दोन्ही बाजूंना, नवख्याच्या नजरेतून सहज निसटतील अशा असतात. नातीने स्वतःच्या नाकाचे हाड चाचपून पाहिले. आजोबांना एकदम आपल्या गावाकडच्या बैलाचे मस्तक आठवले आणि बैलाचे डोळेही असेच बाजूला असतात, वाघाचे तसे नसतात, ही गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. बोलणे पाचएक मिनिटे चालले. मग पहारेकऱ्याला आपल्या नेमून दिलेल्या कामाची आठवण झाली आणि तो म्हणाला, "काचेला हात लावू नका."

नातीची चूक फार प्रतिष्ठित आहे. सोंडेत हाड नसते. ती नाक आणि वरचा ओठ मिळून झालेली, स्नायूंची बनलेली असते. म्हणून सांगाड्यात सोंडेचा मागमूस राहत नाही, राहते ते फक्त नासाद्वार, आणि तेही कपाळाच्या खाली मधोमध. ज्याने जिवंत हत्ती पाहिलेला नाही त्याला ते डोळ्याचे भोक वाटावे यात नवल नाही. ऑस्ट्रियन पुराजीवशास्त्रज्ञ ओथेनिओ आबेल याने १९१४ साली असे सुचवले, की ग्रीक पुराणांतले सायक्लोप्स नावाचे एकाक्ष राक्षस असल्याच कवट्या पाहून सुचलेले असावेत. भूमध्य समुद्रातल्या सिसिलीसारख्या बेटांवर एकेकाळी बुटके हत्ती राहत आणि त्यांच्या कवट्या तेथल्या गुहांतून सापडतात. हा तर्कच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण नऊ वर्षांच्या मुलीला जो प्रश्न पडला, त्याच प्रश्नापाशी एक संशोधकही येऊन थांबला होता, हे पाटीवर एका ओळीत सांगता आले असते. निदान "याचे नाक कोठे आहे?" एवढे तरी. संस्थानिकांचे नाव त्याखाली खुशाल राहू द्यावे.

पाटी अशी का लिहिली जाते? कारण ती नोंदवहीतून उतरवलेली असते. नोंदवही ही संग्रहपालाच्या उपयोगाची. तिच्यात वस्तूचे नाव, मूळ ठिकाण, दाता आणि क्रमांक असणे अत्यावश्यकच आहे. परंतु तीच नोंद मोठ्या अक्षरांत काचेत लावली, की ती ज्याला आधीच माहीत आहे त्याच्याशीच बोलते. हा भाषेचा दोष नव्हे. मराठीत लिहूनही पाटी मुकी राहू शकते.

याबाबतीत मुंबईतल्या एका नोकरीची हकिकत सांगण्यासारखी आहे. पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्गविज्ञान विभाग नव्यानेच उघडला होता, तेव्हा १९२६ साली तेथे मार्गदर्शक-व्याख्याता असे एक पद भरण्यात आले. पगार दरमहा ३५० रुपये, त्या काळी चांगलाच. काम हे, की येणाऱ्यांना, विशेषतः शाळकरी मुलांना, काचेतले प्राणी-पक्षी समजावून सांगायचे. त्या पदावर नेमला गेलेला तिशीचा तरुण म्हणजे सलीम अली. दोनएक वर्षांत ते त्या कामाला कंटाळले, ही गोष्टही लपवण्याचे कारण नाही. रजा काढून ते बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकायला गेले. हे प्राणिसंग्रहालय म्हणजे पिंजऱ्यांचे नव्हे, पेंढा भरलेल्या नमुन्यांचे. १९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी ते पदच रद्द झालेले! मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तेथे सुगरणीच्या घरट्यांचा त्यांचा प्रसिद्ध अभ्यास झाला. पक्षिशास्त्राचा फायदा झाला, संग्रहालयाचे नुकसान.

त्याच सलीम अलींची लहानपणची गोष्ट शिक्षकांना ठाऊक असते: छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली ती वेगळीच चिमणी. ती घेऊन मामांच्या सांगण्यावरून हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेला, १९०८च्या सुमारास. तेथले सचिव मिलार्ड यांनी तिची ओळख पटवून दिली, आणि तेवढ्यावर न थांबता एकामागून एक खण उघडून पेंढा भरलेले पक्षी त्याला दाखवले. ही गोष्ट सांगताना आपण चिमणीवर भर देतो. आमच्या मते भर खणांवर द्यायला हवा. मुलाने प्रश्न आणला होता आणि एका मोठ्या माणसापाशी त्याच्यासाठी वेळ होता. त्या खणांत अमुक इतके नमुने आहेत एवढे सांगून मुलाची बोळवण करणे मिलार्ड यांना सहज जमले असते.

आता आपल्या बहुतेक संग्रहालयांत मिलार्डही नाहीत आणि मार्गदर्शक-व्याख्याताही नाही. राहिला आहे पहारेकरी. तो वर्षानुवर्षे कवटीशेजारी बसून शंभर जणांचे प्रश्न ऐकतो आणि शहाणा होतो, पण बोलणे हे त्याचे काम मानले जात नाही. म्हणून ते काम आजोबांच्या गळ्यात पडते. त्यांना कोणी नेमलेले नाही, शिकवलेले नाही, आणि गंमत अशी, की त्यांना पाटी नीट दिसतही नाही.

हा शेवटचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण यात भौतिकी आहे आणि संग्रहालये रचणारे ती विसरतात. काचेवर प्रकाश सरळ पडला तरी तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दोन पृष्ठभाग मिळून सुमारे ८ टक्के. हे परावर्तन बाहेरच्या उजेडाचे असते. कपाटाच्या आत भरपूर उजेड असेल तर हे ८ टक्के कोणाच्या खिजगणतीत नसतात. पण समोर उघडी खिडकी, मे महिन्याचे ऊन आणि कपाटात एक मंद दिवा, असे असेल तर काच आरसा होते. नातीला उंची कमी असल्याने निराळ्या कोनातून थोडेफार दिसते. आजोबांना स्वतःचा सदरा दिसतो.

त्यात वयाची भर. साठीच्या माणसाची बाहुली लहान झालेली असते आणि डोळ्यातले भिंग पिवळसर. विशीतल्या माणसाच्या मानाने त्याच्या दृष्टिपटलावर साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. जुनी वस्त्रे, लघुचित्रे, हस्तलिखिते ठेवलेल्या दालनांत उजेड मुद्दाम ५० लक्सच्या आसपास ठेवतात, कारण प्रकाशाने रंग विटतात आणि विटलेला रंग पुन्हा येत नाही. ही काळजी योग्यच आहे. पण मुलांना वाटते वीज वाचवत असतील, आणि वडीलधाऱ्यांना वाटते आपला नंबर वाढला. अंधाराचे कारण सांगणारी पाटी आम्ही क्वचितच पाहिली. आणि ते कारणच तर त्या दालनातले उत्तम विज्ञान आहे! शिवाय द्विनाभी चष्म्याचा वाचण्याचा भाग खाली असतो, म्हणून डोक्याच्या उंचीवर लावलेली बारीक अक्षरांची पाटी वाचायला आजोबांना मान मागे टाकावी लागते. तीन दालने अशी झाली, की मानेला रग लागते आणि मग ते बाकडे शोधू लागतात. अलीकडे काही ठिकाणी पाटीच्या जागी क्यूआर कोड आला आहे. त्यावर फोन धरला, की माहिती फोनवर येते, फोन नातवाच्या हातात जातो आणि वस्तूकडे पाहणारे कोणीच उरत नाही.

काचेच्या कपाटांना कंटाळूनच विज्ञान केंद्रे निघाली. म्युनिकच्या जर्मन संग्रहालयाने (स्थापना १९०३, नदीतल्या बेटावरची इमारत १९२५) पाहणाऱ्याने स्वतः चालवायची यंत्रे मांडली. १९६९ साली फ्रँक ओपेनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम काढले, तेथे तर हात लावणे हाच नियम झाला. आपल्याकडे वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राने १९७९ साली, आंतरराष्ट्रीय बालवर्षात, विज्ञान-उद्यान सुरू केले आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी ते केंद्र पूर्ण स्वरूपात खुले झाले. या चळवळीचे ऋण आम्ही मानतो. "हात लावू नका" या वाक्यापासून तिने मुलांना सोडवले.

पण विज्ञान केंद्रातला आजोबा पाहा. तो बाकावर असतो. पोरगे बटण दाबते, चाक फिरते, दिवा लागतो, पोरगे पुढच्या बटणाकडे धावते. आजोबा पिशवी सांभाळतात. काय चालले आहे हे त्यांना कोणी सांगत नाही, आणि विचारावे तर आपले अज्ञान उघडे पडेल अशी भीती वाटते. कपाटाच्या संग्रहालयात निदान पाटी वाचण्याचा मान त्यांच्याकडे होता, येथे तोही गेला. एकट्याने दाबायच्या बटणाची ही मर्यादा आहे. ते बोटाला काम देते. शेजारच्या माणसाला देत नाही.

अपवाद आहेत, आणि अपवादांतूनच शिकावे. आपल्या बऱ्याच विज्ञान-उद्यानांत दोन मोठ्या परवलयाकार थाळ्या समोरासमोर, बऱ्याच अंतरावर उभ्या केलेल्या असतात. एका थाळीच्या नाभीशी तोंड नेऊन कुजबुजले, की ते दुसऱ्या थाळीच्या नाभीशी कान नेणाऱ्याला स्पष्ट ऐकू येते. मधून चालणाऱ्याला पत्ताही लागत नाही. नाभीतून निघालेला ध्वनी थाळीवर आपटून समांतर होतो, त्यामुळे तो पसरत नाही. एरवी मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले तर ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. दुसरी थाळी तो समांतर ध्वनी गोळा करून पुन्हा एका बिंदूत आणते. ही प्रदर्शनी एकट्याने चालतच नाही! एक माणूस बोलायला लागतो, एक ऐकायला. कमी ऐकू येणाऱ्या एका आजींना आम्ही येथे नातवाचे गुपित ऐकून मोठ्याने हसताना पाहिले आहे. मग दोघांनी जागा बदलल्या, कान थोडा पुढे, थोडा मागे करून आवाज कोठे सर्वांत मोठा येतो ते शोधले. थोडक्यात, नाभीचे स्थान त्यांनी मोजून काढले, शब्द न वापरता. अशी जोडीची उपकरणे जाणीवपूर्वक वाढवली पाहिजेत.

आणि मग अशीही काही दालने आहेत, जेथे आजीच विद्वान ठरते. पुण्याच्या शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय आम्हाला याच कारणासाठी मोलाचे वाटते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगाव हिंडून दिवे, भांडी, कुलपे, अडकित्ते, वाद्ये असल्या घरगुती वस्तू जमवल्या. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

तेथल्या अडकित्त्यांपुढे जोडी उभी राहिली, की चित्र पालटते. दुसऱ्या प्रकारच्या तरफेचे उदाहरण म्हणून आपण वर्षानुवर्षे फळ्यावर अडकित्ता काढत आलो आहोत. एका टोकाला टेकू, मध्ये भार, दुसऱ्या टोकाला बल. मुले ते पाठ करतात. अडकित्ता मात्र त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलेला नसतो. आजीने तो आयुष्यभर चालवलेला असतो. ती हवेतच मूठ आवळून दाखवते आणि सांगते, की कडक सुपारी टोकाशी धरायची नाही, आत सरकवायची, सांध्याजवळ. हाच तरफेचा नियम. सुपारी सांध्यापासून ३ सेंटिमीटरवर आणि मूठ १५ सेंटिमीटरवर असेल तर हाताच्या पाचपट बल सुपारीवर पडते. मात्र हाताला पाचपट अंतर चालावे लागते, म्हणून अडकित्ता तेवढा उघडावा लागतो. आजीला सूत्र ठाऊक नाही, नातवाला सुपारी ठाऊक नाही. दोघांकडे अर्धा अर्धा धडा आहे. "अडकित्ता, पितळ" एवढीच पाटी असली तर ते अर्धे एकमेकांना भेटतीलच याची खात्री नाही, "कडक सुपारी कोठे धराल?" असे खाली लिहिले, तर भेटण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

येथे काही शिक्षक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे: आजोबा काहीही सांगतात. सांगतात खरे. शस्त्रदालनात तलवारीचे वजन मणामणाने वाढते, आणि मूर्तिदालनात आपल्या पूर्वजांना विमानापासून सगळे ठाऊक होते असे ठामपणे ऐकायला मिळते. पण दोन प्रकारच्या चुका वेगळ्या केल्या पाहिजेत. कवटीतले भोक डोळा आहे, ही चूक समोरच्या वस्तूकडे पाहून दुरुस्त होते. अशा चुकीला आम्ही भीत नाही. ती व्हावी यासाठीच संग्रहालय आहे. तलवारीचे वजनही संग्रहालयाने पाटीवर दिले, आणि तेवढ्याच वजनाची एक लोखंडी पट्टी उचलून पाहायला बाहेर ठेवली, तर मणाची तलवार तेथेच गळून पडते. विमानाचे मात्र तसे नाही. जी गोष्ट तपासायला समोर काहीच नाही, तिच्यापुढे नातवाने काय करावे? तेथे शाळेनेच त्याला "आजोबा, हे कशावरून?" असे आदराने विचारायला शिकवले पाहिजे, आणि हे घरी विचारणे अवघड असते हेही मान्य केले पाहिजे.

सगळे चित्र निराशेचे नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ साली आवारात मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले, हे पाऊल स्वागतार्ह आहे. आमची कुरकुर एवढीच, की मुलांचे दालन वेगळे काढण्याची प्रथा सर्वत्र रूढ झाली, तर उरलेली दालने पुन्हा जाणत्यांचीच राहतील.

उपाय खर्चाचा आहे असेही नाही. एक्सप्लोरेटोरियममध्ये सुरुवातीपासून शाळेतल्या वरच्या वर्गांतली मुले समजावून सांगण्याच्या कामावर घेतली जातात, मानधन देऊन. त्यांना सगळे ठाऊक असावे अशी अपेक्षा नसते. प्रश्न ऐकून घेणे आणि पाहणाऱ्याबरोबर पाहणे हे त्यांचे काम. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या संग्रहालयात मे महिन्यात नववी-अकरावीची चारदोन मुले असे उभे राहू शकतील. शिक्षकांनी पत्र लिहावे, संग्रहपालांना भेटावे. नकार आला तर कारण विचारावे. आणि मुले उभी राहिलीच, तर पहिले दोन दिवस त्यांना पहारेकऱ्याजवळ बसवावे. लोक काय विचारतात याची यादी त्याच्यापाशी तयार असते, फक्त ती आजवर कोणी मागितलेली नाही.